खिळ्यावरची रोटी

समरकंदात प्रवासाला निघालेलं माणूस रोटीचा एक घास तोडतं. उरलेली रोटी घरचे खिळ्याला टांगतात आणि परत आल्यावर ती त्यानेच संपवायची असते. मार्चात मॉस्कोला निघताना नसीबाने तो घास माझ्या घरी घेतला. शेजारीण, पण मी तिला धाकट्या बहिणीसारखं मानलं. मूर्ख मी!

तिच्या पिशवीत माझी एकेचाळीस अंकी संख्या होती. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या आहे, हे मी सिद्ध केलं होतं. एकेक भाजक लावून बघायला सात जन्म पुरले नसते. म्हणून तिच्यातून एक वजा करायचा आणि येणाऱ्या शेजारच्या संख्येचे अवयव पाडून पार मूळ तुकडे करायचे. ही शेजारीण संख्या पुरती फुटली की हिचं मूळपण सिद्ध करता येतं. कचेरीतून येऊन, आईचं सगळं आवरून, अकरा वर्षं मी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर बसले.

आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून परिषदेला नसीबा गेली. ती विद्यापीठात शिकवते, तिला चारचौघांत बोलायची सवय. "आपा, पहिलं नाव तुमचंच घेते बघा," म्हणाली. सगळी आकडेमोड असलेली माझी निळी वही मात्र तिने नेली नाही. "हे कच्चं काम कशाला? उगीच ओझं."

मेमध्ये परिषदेची पुस्तिका टपालाने आली. लेखावर नाव तिचं एकटीचं. तळाला बारीक अक्षरांत 'टंकलेखनाबद्दल खोसियत करीमोवा यांचे आभार'. मला टंकलेखन येतसुद्धा नाही. त्या दिवशी मी भाजी चिरता चिरता रडले आणि आईला सांगितलं, कांदा तिखट आहे.

मॉस्कोहून परतल्यापासून ती माझं दार टाळत होती; जूनमध्ये आली. हातात शाल, चॉकलेटचा डबा.

"आपा, किती वाळलात हो!"

"काय पाहिजे ते बोल."

"निळी वही." तिने चहा ढवळला. "शेवटचा तुकडा तेवीस अंकी आहे ना, तो स्वतः मूळ आहे कशावरून, असं परीक्षक विचारतायत. माझी बढती अडकलीय, आपा."

"अडकू दे."

"मग तुमची अकरा वर्षं पाण्यात! संख्या अर्धवट म्हणून फेकून देतील." कुठे मारलं की लागतं, हे तिला बरोबर ठाऊक. "संख्या खरी आहे ना? मग नाव कुणाचं का असेना!"

"असं? मग तुझं काढ."

तिने चॉकलेटचा डबा माझ्याकडे सरकवला. वही मी बसले होते त्याच गादीखाली होती, आणि खरं सांगते, हात तिकडे जायला शिवशिवत होता. माझी संख्या जगाला कळावी, एवढंच तर मागितलं होतं मी.

तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली आणि ती हसली. "अय्या, माझी रोटी! ठेवलीत अजून? द्या, चहात बुडवून खाते."

ती उठून खिळ्यापर्यंत पोचली. मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे. ती जिची आहे, ती अजून परत आली नाही."