काळ्या ग्रीसचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी पीठ मळायची मशीन आहे. जुनी म्हणजे किती ते विचारू नका. बाईला वय विचारू नये म्हणतात, ते मलाही लागू आहे. खाली एक पोलादी भांडं, त्यात गरगर फिरणारा वाकडा हात, आणि बरोबर त्या भांड्याच्या वर मोटार आणि दातेरी चाकांची पेटी, एवढाच माझा देह. मला वेग तीन दिले होते, त्यातला आता एकच उरलाय. पण तो पुरतो. घाई करणाऱ्याचं पीठ नीट मळलं गेल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

माझा जन्म लोखंड ओतायच्या कारखान्यात झाला. मला साच्यात ओतलं, गार केलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि एका मोठ्या बेकरीत नेऊन उभं केलं. माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली. बेकरीचे मालक येणाऱ्याजाणाऱ्यासमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "ही आहे म्हणून मी आहे!" ते ऐकून मी फुगायचे, अगदी पिठासारखी. पुढे बटणांची चकचकीत मशीन आली आणि त्याच मालकांनी मला गोदामाच्या कोपऱ्यात ढकलून वर एक रिकामं पोतं टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! उंदरांनी माझ्या भांड्यात बाळंतपणं उरकली. मी काही बोलले नाही. बोलणार कशी म्हणा.

मग एके दिवशी कुणीतरी ते पोतं उचललं. समोर पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस आणि त्याची बायको उभी होती. माणसानं माझ्या रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ वरची पेटी उघडली आणि चाकांच्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"अगं, हिच्यात अजून जीव आहे."

"असेल," बायको म्हणाली. "पण दिसायला तुमच्याइतकीच खिळखिळी आहे."

"मग जमेल आमचं."

असं माझं दुसरं घर मला मिळालं. हा माणूस लिफ्टचा मेकॅनिक होता. अर्धं आयुष्य त्यानं उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या पोकळीत दोरखंड आणि चाकं तपासण्यात घालवलं होतं. "लिफ्ट चालली तर कुणाला आपली आठवण येत नाही, आणि बंद पडली की सात पिढ्यांचा उद्धार," असं तो म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी घरी पाव भाजायचा त्याला छंद लागला. शेजारी खाऊन "वा!" म्हणाले. इतक्या वर्षांत कामाला कुणी 'वा' म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते त्याच्या चांगलंच डोक्यात गेलं. त्यानं नोकरीचा राजीनामा दिला, राहत्या घराची पुढची खोली रिकामी केली, तिथे ओव्हन बसवला आणि मला आणलं. गल्ली मात्र त्याला 'लिफ्टवाले'च म्हणत राहिली. मीही तेच म्हणते. ते मला 'मावशी' म्हणायचे.

बायकोचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. दारातल्या खुर्चीत बसून रस्त्यावर आणि जावयावर लक्ष ठेवणं हा त्यांचा उद्योग. रोज सकाळी पहिला पाव चहाबरोबर त्यांना लागायचा, आणि तो खाता खाताच ते सुरू व्हायचे, "जावईबापू, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात!" लिफ्टवाले हसून सोडून द्यायचे. पण मला त्यांचा हात लागायचा ना, तो हात हसत नव्हता.

कारण दुकान रडतखडत चाललं होतं. पाव उत्तम, गिऱ्हाईक तुरळक. तिकडे लिफ्ट कंपनीचे साहेब मनानं चांगले होते. त्यांनी निरोप दिला होता, "तुझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी फोन करीन. येणार की नाही, एवढंच सांग."

आणि नेमकं त्याच शेवटच्या दिवसाचं काम मिळालं. मोठ्या हॉस्पिटलच्या कँटीनवाल्या बाईंनी रुग्णांच्या नाश्त्यासाठी एक दिवस पाव मागवले. आवडले तर रोजचे. हे जमलं तर दुकान राहणार, नाहीतर लिफ्टवाले पुन्हा त्या अंधाऱ्या पोकळीत जाणार. त्या आठवड्यात घरात दुसरं बोलणंच नव्हतं. खरं सांगायचं तर बोलणंच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी त्यांना काही सुचेना. ओव्हन तीनदा पुसून झाला, ट्रे धुऊन झाले. मग ते माझ्याकडे वळले. नोकरी सोडताना सोबत्यांनी त्यांना गमतीनं एक भेट दिली होती, लिफ्टच्या चाकांना लावतात त्या काळ्या, घट्ट ग्रीसचा मोठा डबा. तो उघडून त्यांनी माझी पेटी भरायला घेतली.

"अहो, किती पाजताय तिला?" बायको म्हणाली.

"वंगणात कंजुषी करायची नसते. उद्या ही अडकली तर संपलंच सगळं."

"पण नेहमी तर एवढं घालत नाही."

"उद्याचा दिवस नेहमीचा आहे का?"

मित्रांनो, मला तेव्हाच घाम फुटला. लिफ्टमध्ये चाकं असतात वर आणि जास्तीचं ग्रीस गळतं ते थेट तळाच्या खड्ड्यात. तिथे कोण बघायला जातंय? लिफ्टवाल्यांनी जन्मभर मान वर करून काम केलं. वर ग्रीस भरपूर असलं की खाली माणसं सुखरूप, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. पण माझ्या पेटीखाली खड्डा नव्हता. माझ्या पेटीखाली पिठाचं भांडं होतं. आणि पेटीच्या तळाशी ग्रीस अडवायला बसवलेलं रबराचं सील उंदरांनी केव्हाच कुरतडलं होतं.

उजाडायच्या आधी मला सुरू केलं. पहिली खेप मळता मळता माझं अंग तापलं आणि आतलं घट्ट ग्रीस पातळ व्हायला लागलं. ते सरकत सीलपाशी आलं. मला कळत होतं. पाठीवरून झुरळ चालावं तसं कळत होतं. लिफ्टवाले घड्याळाकडे बघत होते, बायको पिठाचे गोळे वळायला हात पुसून तयार होती. अहो, इकडे बघा! कुणीतरी खाली वाका! सीलच्या कडेला एक काळा थेंब जमला, लोंबला, आणि टपकन पिठात पडला.

माझ्याच हातानं तो एका वळशात आत गेला. पांढऱ्या पिठात एक करडी रेघ उमटली, दुसऱ्या वळशाला ती बारीक झाली, तिसऱ्याला दिसेनाशी झाली. मी कुरकुरले, खडखडले, जीव खाऊन आवाज केला. लिफ्टवाल्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लाडानं म्हणाले, "मावशी, आजचा दिवस दम धर गं!"

काय करू मी? कपाळाला हात लावावा तर माझा हात पिठात. दुसऱ्या खेपेत आणखी एक थेंब पडला. पीठ फुगलं, पाव वळले, भाजले. खोलीभर असा सुरेख वास सुटला की रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकली. दारात टेम्पो येऊन उभा राहिला आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. ट्रे एकावर एक रचले गेले. मी गार पडत होते आणि मोजून तेवढंच माझ्या हातात होतं.

"माझा पाव?" सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले.

बायकोनं गडबडीत एक पाव त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चहात बुडवायला मोडला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हे काळं काय आहे गं?"

लिफ्टवाले दोन ट्रे छातीशी धरून दारात होते. ते तसेच माघारी आले आणि ट्रे खाली टेकवले. पावाच्या मऊ पोटात केसाएवढी एक काळी रेघ होती. त्यांनी तिला बोट लावलं, बोटं एकमेकांवर घासली आणि नाकाशी नेली. तो वास त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

त्यांनी दुसरा पाव मोडला. स्वच्छ. तिसरा मोडला. स्वच्छ. चौथा मोडताना बायकोनं डोळे मिटून घेतले. तोही स्वच्छ निघाला. पाचव्यात रेघ होती.

बाहेर हॉर्न वाजला.

"एवढीशी तर रेघ आहे," सासरेबुवा म्हणाले. मित्रांनो, मी चक्रावलेच! रोज उठून टोमणे मारणारा हा म्हातारा आज खुर्ची सोडून उभा होता. "कुणाला दिसणार आहे? जावईबापू, पाठवून द्या. आजची वेळ निभावून न्या. उद्यापासून काय ती काळजी घ्या."

"या दोन ट्रेंमधले बाजूला काढू," बायको हळूच म्हणाली. "बाकीचे चांगले असतील."

"कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही, कसं कळणार? सगळे मोडून?"

टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला.

"बाबा, तिथे आजारी माणसं आहेत," लिफ्टवाले म्हणाले. "दुसरं काही जात नाही म्हणून त्यांना पाव देतात."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मग फोन उचलला, कँटीनचा नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

"आत्ता सांगताय?" कँटीनवाल्या बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "थोड्या वेळात मला नाश्ता वाढायचाय! झालंय काय एवढं?"

"मशीनचं ग्रीस पिठात उतरलंय. चूक माझी आहे. पाव पाठवत नाही."

पलीकडून कँटीनमधल्या भांड्यांचा आवाज येत राहिला.

"उद्याचं उद्या बघू," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता 'उद्याचं उद्या बघू' म्हणजे हो की नाही? सासरेबुवा म्हणाले, हा सरळसरळ नकार आहे. बायको म्हणाली, नकार असता तर बाईंनी चार शब्द सुनावले असते. लिफ्टवाल्यांनी टेम्पो परत पाठवला आणि सगळे पाव पोत्यात भरले. शेजारी नाही, भिकारी नाही, कुत्र्यामांजरालासुद्धा त्यातला एक दिला नाही. आणि मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता आपण भंगारात.

ते माझं भांडं काढून जमिनीवर उताणे झोपले आणि मला खालून पाहिलं. इतक्या दिवसांत मला त्यांनी वरून पाहिलं होतं, बाजूनं पाहिलं होतं, खालून कधीच नाही. कुरतडलेल्या सीलभोवती काळं वर्तुळ धरलं होतं.

"अगं, इकडे ये," ते पडल्यापडल्याच म्हणाले. "मी जन्मभर वरून वंगण घालत आलो. खाली काय आहे ते बघायची सवयच नाही मला. खाली खड्डाच असायचा."

बायको त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघांनी मिळून मला उघडलं. एकेक चाक काढून उकळत्या पाण्यानं धुतलं. नवं सील बसवलं. खाण्यापिण्याच्या यंत्रांना चालतं ते पांढरं ग्रीस आणलं आणि बोटावर मावेल एवढंच लावलं. काळ्या ग्रीसचा डबा त्यांनी जुन्या सोबत्यांकडे पाठवून दिला, "तुमच्याकडेच शोभतो" असा निरोप देऊन.

संध्याकाळी फोन वाजला. साहेबच होते. सासरेबुवा खुर्चीत ताठ झाले. बायको ओव्हनच्या दाराला धरून उभी राहिली. आणि मी? माझे सगळे दाते जागच्या जागी आवळले गेले.

"साहेब, तुमचे उपकार आहेत," लिफ्टवाले म्हणाले. "पण जागा दुसऱ्या कुणाला द्या."

फोन खाली ठेवायचा अवकाश, सासरेबुवा कडाडले, "अहो, कशाच्या भरवशावर? त्या बाईचा तर अजून होकारसुद्धा नाही!"

"बाबा, आज सकाळपर्यंत मी नोकरी सोडलीच नव्हती. नुसता राजीनामा दिला होता."

सासरेबुवांनी खुर्ची रस्त्याकडे फिरवली. जावयावरचं लक्ष त्यांनी पहिल्यांदाच काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कँटीनचा फोन आलेला नव्हता. येईल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मला सुरू केलं. सुरू करायच्या आधी लिफ्टवाले बॅटरी घेऊन खाली वाकले. मळताना पुन्हा वाकले. एवढा वाकलेला मेकॅनिक मी तरी पाहिला नव्हता. पहिला ट्रे निघाला तशी बायकोनं एक पाव घेतला. तो मोडून आत बघून मग वडिलांना द्यावा, म्हणून ती दोन्ही अंगठे पावावर ठेवते न ठेवते तोच सासरेबुवांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"बाबा, थांबा, आधी आत बघू द्या."

"काही बघायची गरज नाही," ते म्हणाले, आणि अख्ख्या पावाचा मोठा घास तोडून, डोळे मिटून चावायला लागले.

लिफ्टवाल्यांनी पाठ फिरवली. माझ्या पेटीवर कपाळ टेकवून ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेलपाणी करा, पुसा, कोपऱ्यात पोत्याखाली टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील आणि ते खरंच आहे. माझं मागणं त्याहून थोडं जास्त आहे. ज्या यंत्रावर जीव लावाल, त्याच्या खालीही एकदा वाकून बघत जा. तिथे कुणाचं तरी ताट असतं.