नसलेली दरी

खेचराच्या उजव्या खांद्यावरची जखम पुन्हा चिघळली होती, आणि घरातली तीन धडधाकट माणसं तिच्याभोवती नुसती उभी होती. सासऱ्यांनी हळद लावली, नवऱ्याने तेल लावलं, आणि सुनेने दोघांनाही मनातल्या मनात चार शब्द सुनावले. गुरांचा डॉक्टर तर ‘महिनाभर आराम द्या’ असं सांगून मोकळा झाला. आराम! त्या घरात ती चीज आजवर कुणाच्याच वाट्याला आली नव्हती, मग खेचराला कुठून आणून देणार?

खाणीतली माती वीटभट्टीवर पोचवायची, एवढाच त्यांचा धंदा. खेचर चाललं तरच चूल पेटायची. भट्टीच्या मुकादमाने कालच बजावलं होतं, “शनिवारपर्यंत आठवड्याच्या फेऱ्या पूर्वीसारख्या पुऱ्या झाल्या नाहीत तर मी ट्रॅक्टर लावणार. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका.”

शुक्रवारी नवरा तापाने आडवा झाला, म्हणून खेचर हाकायला सून निघाली. खाणीवर सासऱ्यांनी डाव्या गोणीत बारा फावडी माती टाकली, उजवीत चौदा.

“बाबा, उजवीत जास्त का?”

“पद्धत आहे. माझ्या वडिलांपासूनची.”

“पण कशासाठी?”

“वाटेच्या डाव्या हाताला दरी आहे ना! भार डोंगराच्या अंगाला ठेवला की जनावर दरीकडे कलत नाही. एवढंही कळत नाही तुला?”

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. डोंगरातली वाट बंद होऊन सात वर्षं झाली होती. आता खाणीपासून भट्टीपर्यंत सपाट सडक होती आणि दोन्हीकडे सपाट रान. सात वर्षं हा माणूस नसलेल्या दरीला भिऊन त्या मुक्या जिवाचा एकच खांदा सोलत होता, आणि नवराही डोळे झाकून बापाचाच कित्ता गिरवत होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने उजव्या गोणीतलं एक फावडं माती डावीत ओतली आणि खेचर हाकलं.

वीस पावलांत खेचर सडक सोडून डावीकडच्या रानात शिरलं. तिने ओढून आणलं, ते पुन्हा शिरलं. उजवीकडचा जादा भार तोलून तोलून त्याला डावीकडे कलायची सवयच जडली होती. भार सारखा झाला तरी ते कलतच राहिलं. तिला रडू आलं ते रागाने. शेवटी तिने त्याच्या डाव्या कुशीला आपला खांदा लावला आणि रेटत रेटत भट्टी गाठली.

मुकादम खो खो हसला. “काय हो वहिनी, खेचर माती वाहतंय की तुम्ही खेचर वाहताय?”

“वहीत फेरी मांडा,” ती म्हणाली.

त्या एका फेरीतच तिचा खांदा हुळहुळून लाल झाला होता. खाणीवर सासरे फावड्यावर रेलून वाटच बघत होते.

“बघितलंस? ते डावीकडे कलतं. म्हणून तर मी उजवीकडे जास्त घालत होतो.”

तिने त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं, दोन्ही गोण्या मोजून सारख्या भरल्या आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून खेचराच्या डाव्या अंगाला उभं केलं.

“लावा खांदा.”

“मी? या वयात?”

“त्याचं वय काय आहे, बाबा?”

म्हातारा पुटपुटत राहिला, पण त्याने खांदा लावला. शनिवार संपायला अजून एकवीस फेऱ्या बाकी होत्या.