नळगंगेचे शीड

मित्रांनो, मी एक जुने शीड आहे आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यात राहते. समुद्र इथून फार लांब, त्यामुळे पाहुणी मुले मला तंबूचे कापड समजतात. समजू देत बापडी. मी ज्या नौकेच्या डोलकाठीवर चढले, तिने मुंबईपासून मालवणपर्यंतचा किनारा पाहिला आहे.

माझा जन्म मुंबईतल्या गोदीजवळ झाला. जाड सुती कापडाच्या पट्ट्या मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून मला तयार केले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. मला घरी नेणारे हिंमतराव मोताळ्याचे, गोदीत सुतार होते. मोडीत निघालेल्या एका होडीला त्यांनी नव्या फळ्या बसवल्या, दोघांना आडवे होता येईल एवढी खोली बांधली आणि तिला आपल्या गावच्या नदीचे नाव दिले, ‘नळगंगा’. माझा कापूस मोताळ्याच्याच बाजारातला, असे ते सगळ्यांना हटकून सांगत. खरे काय ते मलाही ठाऊक नाही, पण ऐकायला मला फार आवडे.

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई मुंबईला आल्या तेव्हा पाण्याला भीत असत. पण माहेरी त्यांनी बैलगाडी हाकली होती. सुट्टीच्या दिवशी हिंमतराव त्यांना सुकाणूवर बसवू लागले, आणि हळूहळू माझी फडफड ऐकून वारा कुठून येतो ते त्या ओळखू लागल्या.

हिंमतरावांची नोकरी संपली. कायमचे गावी परतायचे ठरले. पण आधी नळगंगेतून मालवण गाठायचे, नौका तिथल्या जुन्या सोबत्याला द्यायची आणि मग एस.टी.ने घरी जायचे, असा त्यांचा बेत होता. वच्छलाबाईंचे भाऊ उकंडराव बहिणीला न्यायला आले होते. ते म्हणाले, “गाडी असताना पान्यातून कायले जाता? बुडाले त मी मायले काय सांगू?”

“मालवनच्या किनाऱ्यावर उभा राह्य,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आमी येतोच.”

दिवाळी उलटल्यावर आम्ही निघालो. सकाळी जमिनीवरून वारा येई, दुपारी समुद्रावरून. त्याप्रमाणे हिंमतराव मला कधी या अंगाला, कधी त्या अंगाला वळवत. वारा पडला की आम्ही एखाद्या खाडीत नांगर टाकून थांबत असू. दाभोळला तर पुढचा बेतच मोडून मुक्काम वाढवावा लागला. वच्छलाबाईंनी तिथे चुलीवर भाकरी केल्या आणि कोळणींना ठेचा खाऊ घातला.

रत्नागिरी मागे टाकल्यावर मात्र आभाळाचा रंग बदलला. दक्षिणेकडे काळी भिंत उभी राहिली. वारा समोरून येऊ लागला आणि लाटांची पाठ उंच झाली. उकंडरावांना कळवल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी मालवणला पोहोचायचे होते. हिंमतराव मला पूर्ण ताणून पुढे जाऊ पाहत होते.

“आवो, विजयदुर्गच्या खाडीत शिरू,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“तुहा भाऊ हासन ना. म्हनन, सुतार भेला.”

“हासू द्या. तो किनाऱ्यावर हाये, त्याले काही होत नाही. मालवनच्या तोंडाशी खडक हायेत, तुमीच त सांगतलं.”

हिंमतरावांनी माझी ताणलेली दोरी सैल केली. मग म्हणाले, “हाव. बरोबर हाये तुहं. शीड कमी करा लागते.”

ते मला खाली ओढून अर्धे गुंडाळू लागले. तेवढ्यात एक झोत आला. मित्रांनो, मला आवरता आले नाही. माझ्या खालचा आडवा दांडा फिरला आणि त्यांच्या खांद्यावर बसला. ते खाली कोसळले, हात लोंबकळू लागला.

वच्छलाबाईंनी पदर खोचला. सुकाणू दोरीने जखडून त्या उठल्या, मला अर्धे बांधून ठेवणाऱ्या उरलेल्या गाठी त्यांनी मारल्या आणि परत जागेवर बसल्या. हिंमतराव पडल्या पडल्या सांगत होते, “किल्ल्याची भिंत दिसली का? तिच्या जवळ जाऊ नको. अजून थोडं. आता वळव.”

“दिसली,” त्या म्हणाल्या. पाऊस तोंडावर बसत होता. मी अर्धेच होते, पण तेवढ्या अंगाने सगळा वारा धरून ठेवला. माझी एकही शिवण उसवली नाही. किल्ल्याचा तट मागे पडला आणि खाडीत पाणी एकदम शांत झाले. नांगरही वच्छलाबाईंनीच टाकला.

वादळ सरेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. वैदूने खांदा बसवला. मालवणला तार गेली. आभाळ निवळल्यावर पाठीवर वारा घेऊन आम्ही निघालो. आता मी पूर्ण उलगडले होते, उन्हात पांढरेशुभ्र. मालवणच्या बंदरात खडकांमधून वाट काढत नौका शिरली तेव्हा सुकाणूवर वच्छलाबाई होत्या. किनाऱ्यावर माणसे गोळा झाली. उकंडराव गुडघाभर पाण्यात आले. ते हसले नाहीत. म्हणाले, “बाई, तूच आनली का व हे?”

“आमी दोघांनी,” वच्छलाबाई म्हणाल्या.

नौका सोबत्याकडे राहिली. मी मात्र आठवण म्हणून मोताळ्याला आले. काही वर्षे सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत. मग मी कापसाच्या गंजीवर झाकण झाले, पुढे कुणी मला ओलेच घडी करून कोपऱ्यात टाकले. माझ्यावर बुरशी चढली, एक कड कुजली. वच्छलाबाईंना ते कळल्यावर त्यांनी मला धुऊन अंगणात वाळवले आणि स्वतः ठिगळ लावले.

मित्रांनो, कापड कुठलेही असो, ते ओले घडी करू नका. त्याने कधीतरी कुणाला तारलेले असते. आणि आभाळ बदलले तर आपला बेत आखडता घ्यायला लाजू नका. मालवणात मी पूर्ण उलगडले होते, तेव्हा लोकांनी मला पाहिले. पण माझ्या आयुष्यातला खरा मोठा दिवस तोच, ज्या दिवशी मी अर्धे होते.