अर्ध्या तासापेक्षा जुनी फाइल

"सत्यशीलाबाई, तुमचं पाखरू आज फार बोलतंय. दाणे टाका त्याला," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता डॉक्टर नीरजा म्हणाल्या.

कॉम्प्युटर एकसारखा वाजत होता. सदाशिव पेठेतल्या या लॅबमध्ये सत्यशीला अकरा वर्षं रिपोर्ट टाइप करत होती. अलीकडे यंत्रातून निघालेला रिपोर्ट आपोआप एका फोल्डरमध्ये पडे आणि तिथून दुसरा प्रोग्राम तो हॉस्पिटलला धाडी. कधीकधी हा प्रोग्राम मध्येच बंद पडे. स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल. रिपोर्ट अडकल्याचं कळे ते नातेवाईक येऊन ओरडल्यावर, आणि बोलणी खायची टायपिंगवालीने. शेवटी तिने रविवारचा प्रोग्रामिंगचा क्लास लावला आणि वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दर दहा मिनिटांनी ही स्क्रिप्ट फोल्डर तपासायची. अर्ध्या तासापेक्षा जुनी फाइल दिसली, की वाजायची.

रिपोर्ट धाडणारा प्रोग्राम बसवलेल्या हिंजवडीच्या कंपनीचा इंजिनिअर सौरभ गेल्या महिन्यात ती स्क्रिप्ट बघून हसला होता. "मॅडम, गरजच नाही ह्याची. आपली सिस्टीम फुल ऑटोमॅटिक आहे. काढून टाका." ती "बरं" म्हणाली होती, आणि काढली नव्हती.

आज चौदा फाइली अडकल्या होत्या. ती एकेक उघडत गेली. सहावी वारज्याच्या एका पेशंटची. पोटॅशियम सात पूर्णांक एक. इतकी वर्षं आकडे टाइप केल्यावर कुठला आकडा जिवावरचा, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"मॅडम, हा बघा. पाऊण तास झाला, गेलेलाच नाही."

डॉक्टर नीरजांनी वाचलं आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. "ऑपरेशनला घेताय? कुठल्या रिपोर्टवर? परवाच्या? अहो, थांबवा आधी! आजचं पोटॅशियम सात आहे, सात!"

उरलेले तेरा रिपोर्ट सत्यशीलाने फोनवरून सांगितले, समोरच्याकडून प्रत्येक आकडा परत म्हणवून घेत.

चार वाजता वारज्याहून निरोप आला. ऑपरेशन पुढे ढकललं होतं, उपचार लागू पडत होते, पेशंट सावरत होता. डॉक्टर नीरजा तिच्या टेबलाशी आल्या. "वाजू दे हं ते," एवढंच म्हणाल्या. सदाशिव पेठेत एवढं म्हणजे पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सौरभ आला. प्रोग्राम दुरुस्त करून झाल्यावर त्याने तिच्या वीस ओळी दोनदा वाचल्या. या वेळी हसला नाही.

"मॅडम, हे कुणाकडून करून घेतलंत?"

"मी लिहिलंय."

"आमच्या बाकीच्या लॅबमध्ये बसवलं तर चालेल? सगळीकडे हाच प्रॉब्लेम आहे."

"चालेल की. वर नाव टाका पण."

"लॅबचं?"

"माझं."

तिने त्याला खुर्ची ओढून दिली. तो इंग्रजीत नाव टाइप करू लागला. सत्यशीला वाकून एकेक अक्षर बघत होती.

"दशरथ राहिलं. वडिलांचं. आणि गजभियेमध्ये बीनंतर एच येतो."

सौरभने कर्सर मागे नेला.