गाडीबरोबर पाठवावे

घोटीहून व्याह्यांचं आंतरदेशीय पत्र येऊन पडलं होतं आणि जयरामांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. मजकूर मोजकाच. ‘गाडी पुन्हा बिघडली आहे. तुम्ही दिलेली, तेव्हा दुरुस्तीही तुमच्याकडेच. झाली, की गाडीबरोबर सूनबाईंना पाठवावे.’

सिंधूच्या लग्नात प्लॉट विकून मोटार द्यावी लागली होती. तेव्हापासून भातगिरणीवाल्या व्याह्यांनी रीतच पाडली होती. गाडी बिघडली, की तिच्यासोबत सिंधूही नाशिकला माहेरच्या दारात. आधी क्लच, मग रेडिएटर, आता गिअरबॉक्स.

जयरामांचा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला. आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. तरी लेकीचा संसार खोळंबलाय म्हणून रोज आग्रा रोडवरच्या वर्कशॉपात जाऊन बाकावर बसत. बसवत नसे, मग उठून येरझाऱ्या घालत.

“काका, पार्ट मुंबईहून यायचाय,” सुपरवायझर म्हणे.

“परवा तर आला म्हणालात.”

“आला होता, पण दुसऱ्या मॉडेलचा निघाला. आणि गाडी जावयाची ना? तुम्ही कशाला जीव काढताय?”

बाकावरची गिऱ्हाइकं हसत. जयराम मान खाली घालून घरी येत, तर दारातच वत्सलाबाई विचारत, “अहो, शेजारणी विचारतात, सिंधू कधी जाणार? काय सांगू?”

“पार्ट आला की.”

सिंधू आत तांदूळ निवडत असे.

अखेर गाडी झाली. नीट बघून घ्यावी म्हणून ते सिंधूला घेऊन गेले. वर्कशॉपातला केरू चालवायला बसला. द्वारका चौकाच्या वळणावर गिअर टाकताच तीच खरखर.

जयराम आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. “याला दुरुस्ती म्हणता? फिरवा मागं! माझी पोर किती दिवस...”

“नाना, राहू द्या तो आवाज,” मागून सिंधू म्हणाली.

“अगं, अशी गाडी नेलीस तर ते बोलतील तुला.”

“आवाज गेला की मला जावं लागेल.”

जयरामांनी मागं वळून पाहिलं.

“तिथं पावसात गाडीवर ताडपत्री घालतात, नाना. मी गळक्या पडवीत झोपते. गाडी बिघडली की मला बरं वाटतं. तुम्ही रोज घाई करायला जायचात, तेव्हा पार्ट येऊ नये म्हणून मी देवाला हात जोडायची.”

केरूनं न विचारताच गाडी पोस्टासमोर बाजूला घेतली.

“काका, वर्कशॉपला नेऊ का?”

“ने बाबा. ज्यांची आहे ते येऊन नेतील.”

आंतरदेशीय पत्र विकत घेऊन जयराम पोस्टाच्या कट्ट्यावर पेन धरून उभे होते. वत्सलाबाई काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, आपलं चुकत तर नाही? सिंधू शेजारी उभी होती. मग त्यांनी लिहिलं: ‘गाडी आपण येऊन घेऊन जावी. सिंधू येणार नाही. ती गाडीसोबतचं सामान नाही.’

पत्ता घातला, कडा चिकटवल्या आणि पत्र पेटीत टाकलं.