माश्यांनी उचललेला माणूस

तुमचा विश्वास बसणार नाही, पण मला पांढऱ्या माश्यांनी उचलून हवेतून नेलंय. हसा. तेलगिरणीच्या फाटकावरची ही रांग हलेपर्यंत दुसरं काम तरी काय आहे?

माझ्या धाकट्या बहिणीनं यंदा पहिल्यांदाच एकटीच्या हिमतीवर सोयाबीन पेरलं. तिचा थोरला दीर म्हणाला, "पीक गेलं तर पुढच्या वर्षी शेत मी करणार." आणि नेमकी फुलं धरताना कडेची झाडं पिवळी पडली. हा रोग विषाणूचा. त्याला स्वतःचे पाय नाहीत. पांढरी माशी आजारी पानाचा रस पिते, धडधाकट पानावर जाऊन बसते, की झालं.

दीर मदतीला धावला. पिवळी झाडं उपटून खांद्यावर टाकली आणि भर शेतातून झटकत निघाला. बहीण म्हणाली, "भाऊजी, माश्यांना शेत दाखवायला काढलंत का?"

मग तिनं रीत घालून दिली. आधी झाडावर पिशवी, तोंड आवळायचं, मगच उपटायचं. पण उडून गेलेल्या माश्यांचं काय? पिवळा रंग दिसला की माशी वेडी होते. मी पिवळा रेनकोट चढवला, त्यावर ग्रीस फासलं...

"कुठलं ग्रीस?" मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

पंपाचं. मध्ये बोलू नकोस, मला आता हवेत जायचंय. तर ओळीओळीनं ऐटीत फिरलो. माश्या अशा चिकटल्या की पिवळ्याचा पांढराफटक झालो. मग सगळ्यांनी एकदम पंख मारले आणि माझे पाय सुटले. दिराच्या टकलावरून थेट नदीवर! तिथं बटणं सोडली. कोट माश्यांनी नेला, मी पोहत परत आलो.

"आणि पीक?"

ते बघ, आमची पहिली गाडी वजनकाट्यावर. टपोरा दाणा. पोती कोण उतरवतंय? तोच दीर. सकाळी तिला म्हणाला, "पुढच्या वर्षी माझंही शेत तूच बघ."

एवढ्यात बहीण काट्याकडून हात झटकत आली. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"दादा, तुला पोहता येत नाही," ती म्हणाली. "आणि त्या कोटात मी होते."