येरमाळ्यानंतर कळंबच का?

मित्रांनो, मी म्हातारा बझर आहे. माझी पितळी कळ क्षणभर दाबली की 'टिट', जरा जास्त वेळ दाबून धरली की 'टा'. टिट-टा जुळवून अक्षरं होतात, तीच मोर्स. तेर गावच्या बब्रुवान तारमास्तरांनी मला फळीवर स्वतः जोडलं. माझ्यावर शिकून कितीतरी पोरं तारखात्यात लागली. मग तारा बंद झाल्या आणि मला पोत्यात कोंबलं. माझ्या पोटात झुरळांनी अंडी घातली. तो राग अजून गेलेला नाही.

मला बाहेर काढलं मास्तरांच्या सूनबाईनं. शिवकन्या शाळेत विज्ञान शिकवते. घरी बसून जगाशी बोलायला तिला हॅम रेडिओचा परवाना हवा होता, आणि त्याच्या परीक्षेत मोर्स ऐकून उतरवायची होती. मास्तर खुलले. रोज संध्याकाळी एसटीचे थांबे वाजवायचे : धाराशिव, येडशी, येरमाळा, कळंब. ती भराभर लिहायची, मास्तर मोठ्यानं वाचून तपासायचे. "लई तयार कान हाय!"

कसला तयार! येरमाळा झाला की मी चिरकायच्या आधीच ती कळंब लिहून मोकळी. मला दिसत होतं, पण दुसऱ्यानं दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

परीक्षेत थांबे नव्हते. नापास. सासूबाई सारजाबाई मास्तरांवर कडाडल्या, "रोज त्येच थांबे! पोरीला शिकवलं न्हाय तुमी, कळंबचं तिकीट काढून दिलं!"

शिवकन्या सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आता एकच खेप. न्हाय जमलं तर सोडते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अर्थ नसलेली अक्षरं वाजवली. अक्षर झटकन, मधे मोठी उसंत. ती टिट-टा बोटांवर मोजू लागली.

"मोजू नको. हलगी ऐकताना ठेके मोजतीस व्हय?"

"अन् एखादं सुटलं तर?"

"सुटू दे. जागा कोरी ठेव, पुढचं धर. मनचं लिहू नको."

रोज पंधराच मिनिटं, पण खाडा नाही. उसंत आखडत गेली. तीन महिन्यांनी ती पास झाली.

"दोन अक्षरं सुटली, मामा. कोरी सोडली."

"सोडलीस? मग शिकलीस!" मास्तरांचे डोळे भरले.

मित्रांनो, जुन्याला पोत्यात कोंबू नका. आणि काढलंत बाहेर, तर त्याचं नीट ऐका. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे, हा माज सोडा.

परवा तिच्या रेडिओवर, कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये, कुणा लांबच्या माणसाचं नाव टिट-टा करत येऊ लागलं. मास्तरांना दम निघेना. "कोण हाय गं? कुठला हाय?"

कागदावरून नजर न काढता ती म्हणाली, "थांबा मामा. अजून यायलंय."